न पाहिलेल्या सिनेमावरचं भांडण: ‘मेगालोपोलिस’, मार्च ते सप्टेंबर २०२४

२८ मार्च २०२४ रोजी ‘गॉडफादर’चा दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला याने आपला नवा सिनेमा लोकांना दाखवला: लॉस एंजेलिसमधल्या युनिव्हर्सल सिटीवॉकच्या आयमॅक्स थिएटरात ‘मेगालोपोलिस’चा खेळ ठेवला. निमंत्रित साधारण तीनशे. त्यांत मोठ्या स्टुडिओंचे आणि वितरण कंपन्यांचे प्रमुख होते, तसे कोपोलाचे जुने स्नेही आणि कलाकारही होते. सिनेमाला अमेरिकेत वितरक मिळालेला नव्हता. तो मिळावा यासाठीच हा खेळ होता. पुढच्या दोन आठवड्यांत तिथली मतं निनावी सूत्रांच्या तोंडून छापून आली, आणि ज्यांनी सिनेमाची एक फ्रेमही पाहिली नव्हती असे ठिकठिकाणचे सिनेवेडे दोन गटांत उभे राहिले. हे भांडण सप्टेंबरअखेर सिनेमा लागेपर्यंत चाललं, आणि लागल्यावरही मिटलं नाही.

पहिल्या प्रतिक्रियांवरून वाद हल्ली प्रत्येक मोठ्या सिनेमाच्या वेळी होतात. हेच प्रकरण अभ्यासाला घेतलं, कारण इथे चार वेगवेगळ्या गटांनी सिनेमा पाहिला: आधी खरेदीदार, मग फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातले समीक्षक, तिथलाच समारंभाचा प्रेक्षक, आणि शेवटी तिकीट काढून आलेले लोक. प्रत्येक गटाची प्रतिक्रिया वेगळी नोंदली गेली आहे. एरवी स्टुडिओ कोणाला कधी दाखवायचं आणि कोणी कधी बोलायचं हे ठरवतो, त्यामुळे बाहेर येतं ते आधीच चाळून आलेलं असतं. इथे सुरुवातीला स्टुडिओच नव्हता. पैसा दिग्दर्शकाचा होता आणि जोखीमही त्याचीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या चारही प्रतिक्रिया आपापल्या जागी खऱ्या होत्या. चाहत्यांनी त्या एकाच प्रश्नाची उत्तरं समजून वाचल्या, म्हणून त्या एकमेकींना खोडताहेत असं वाटलं. प्रश्न चार होते, आणि ज्या पाचव्या प्रश्नात चाहत्याला खरा रस असतो त्याचं उत्तर यांतल्या कोणाकडेच पूर्ण नव्हतं.

आधीच पडलेले गट

या सिनेमाची कल्पना कोपोलाच्या डोक्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून होती. इसवी सनपूर्व ६३ मध्ये रोममध्ये कॅटिलिना या उमरावाने सत्तेविरुद्ध केलेला कट आजच्या न्यूयॉर्कसारख्या शहरात आणून बसवायचा, त्या शहराला ‘न्यू रोम’ म्हणायचं, आणि नवं नगर उभारू पाहणारा वास्तुरचनाकार विरुद्ध महापौर असा संघर्ष रंगवायचा. २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संहितेची वाचनं झाली, शहराची काही दृश्यंही टिपली गेली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. उद्ध्वस्त शहर आणि त्याची पुनर्रचना हा विषय त्यानंतर हाताळणं अवघड होऊन बसलं आणि प्रकल्प बाजूला पडला. पुढे कोपोलाने आपल्या वाइनच्या व्यवसायातून पैसा मोकळा केला, सुमारे १२ कोटी डॉलर स्वतःचे घातले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये जॉर्जिया राज्यात चित्रीकरण सुरू केलं.

जानेवारी २०२३ मध्येच, चित्रीकरण चालू असताना, दृश्य-परिणाम आणि कला विभागातली माणसं काम सोडून गेल्याची बातमी आली. निर्मिती हाताबाहेर गेल्याचा तिचा सूर होता. कोपोलाने आणि प्रमुख अभिनेता अ‍ॅडम ड्रायव्हरने तो खोडून काढला. पण चाहत्यांत रेघ तिथेच ओढली गेली. एका बाजूला ‘म्हाताऱ्याने शेवटी सगळं पणाला लावलंय, त्याच्या मागे उभं राहायचं’ म्हणणारे; दुसऱ्या बाजूला ‘पैसा स्वतःचा असला म्हणून सिनेमा चांगला होत नाही’ म्हणणारे. मार्च २०२४ उजाडला तेव्हा प्रत्येकाला आपली बाजू माहीत होती. प्रतिक्रिया नंतर आल्या. हा क्रम विसरला तर पुढचं काहीच नीट उलगडत नाही.

खरेदीदार काय सांगत होते

सिटीवॉकच्या खेळानंतर छापून आलेल्या मतांत कौतुक होतं, आदर होता, आणि एक वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येत होतं: हा सिनेमा लोकांपुढे मांडायचा कसा? कोपोलाला जाहिरातीवर भरघोस खर्च हवा आहे, एकट्या अमेरिकेत चार कोटी डॉलरच्या घरात, असंही त्याच बातम्यांत होतं.

वितरकाच्या खुर्चीत बसून हे वाक्य वाचा. त्याला सिनेमा पाहताना दोन मिनिटांचा ट्रेलर डोळ्यांपुढे आणावा लागतो. पोस्टरवर एक ओळ काय लिहायची, पहिल्या शुक्रवारी किती पडदे घ्यायचे, कोणत्या वयाचा माणूस तिकीट काढेल, त्याला घराबाहेर काढायला किती पैसे लागतील, आणि ते पैसे निर्मात्याच्या हिश्शाआधी आपल्याला परत मिळतील का, एवढंच त्याला ठरवायचं असतं. ‘मला हे मांडता येणार नाही’ हे त्याच्या धंद्यातलं काटेकोर विधान आहे. सिनेमा वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही, चांगला आहे असाही नाही.

चाहत्यांनी मात्र ते कलेवरचं मत म्हणून घेतलं. एका गटाने ‘आतली माणसंच नाक मुरडताहेत’ म्हटलं, दुसऱ्याने ‘हे हिशेबनीस, यांना सिनेमा काय कळतो’ म्हटलं. दोघांची चूक एकच. आणखी एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली: खोलीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा यात काही ना काही हितसंबंध होता. सौदा व्हायचा असताना मालाबद्दल थंडपणे बोलणं खरेदीदाराच्या फायद्याचं असतं, आणि स्नेह्याला भरभरून बोलणं भाग असतं. यावरून कोणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. निनावी प्रतिक्रिया वाचताना बोलणारा टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला होता एवढं तरी पाहायला हवं, आणि इथे ते सहज कळण्यासारखं होतं.

खरेदीदारांचा अंदाज त्यांच्या प्रश्नापुरता बरोबर निघाला, हेही मान्य करायला हवं. मी कोपोलाच्या बाजूचा आहे, तरीही.

कान: एक सिनेमा, दोन सभागृहं

१६ मे रोजी कानच्या स्पर्धा विभागात ‘मेगालोपोलिस’ दाखवला गेला. त्याच्या दोनच दिवस आधी एका ब्रिटिश वृत्तपत्राने सेटवरच्या गोंधळाबद्दल आणि दिग्दर्शकाच्या वर्तनाबद्दल आरोप छापले होते. अशी कोणतीही तक्रार आपल्याकडे आली नव्हती, असं निर्मितीच्या बाजूने सांगितलं गेलं. चाहत्यांच्या वादात हे आरोप आणि सिनेमाची गुणवत्ता एकाच ताटात वाढली गेली. सिनेमा आवडला की आरोप खोटे आणि नावडला की खरे, असं बोललं जाऊ लागलं. आरोपांची शहानिशा पुराव्याने व्हायची असते. टाळ्यांच्या आवाजाने ती होत नाही.

कानमध्ये पत्रकारांचा खेळ आणि समारंभाचा खेळ वेगवेगळे असतात. पत्रकारांच्या खेळात घडलेला एक प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे. सिनेमा चालू असताना मध्येच एक माणूस प्रेक्षागृहाच्या पुढच्या भागात आला, पडद्यासमोर माइकपाशी उभा राहिला आणि पडद्यावरच्या नायकाला, सीझर कॅटिलिनाला, त्याने प्रश्न विचारला. पडद्यावरून अ‍ॅडम ड्रायव्हरने त्याचं उत्तर दिलं. माणूस निघून गेला, सिनेमा पुढे चालू राहिला. ही दिग्दर्शकाचीच योजना होती. हॉलमधले समीक्षक तासाभरात हे लिहून मोकळे झाले आणि बाहेरच्या चाहत्यांत वाद पेटला: ही थट्टा की धाडस? साध्या थिएटरात हे कसं करणार? आणि नाही केलं तर आपण पाहू तो सिनेमा तोच का? यातला शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्या क्षणी चाहते पहिल्यांदाच ‘चांगला की वाईट’ सोडून सिनेमात काय आहे यावर बोलत होते. एक-दोन दिवसच टिकलं ते.

कारण मग आली मिनिटांची मोजणी. समारंभाच्या खेळानंतर प्रेक्षकांनी उभं राहून सात मिनिटं टाळ्या वाजवल्याचं छापून आलं आणि तो आकडा ढालीसारखा वापरला गेला. कानच्या ल्युमिएर या मुख्य सभागृहात दोन हजारांहून अधिक लोक बसतात. दिवे लागतात तेव्हा दिग्दर्शक आणि नटमंडळी त्याच हॉलमध्ये उभी असतात, कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो, तो चेहरा मोठ्या पडद्यावर दिसतो आणि प्रत्येक चेहऱ्यागणिक टाळ्यांना पुन्हा उधाण येतं. समोर पंच्याऐंशी वर्षांचा माणूस उभा आहे, ज्याने याच शहरात दोनदा सर्वोच्च पारितोषिक घेतलंय, आणि सोबत त्याचं कुटुंब आहे. अशा वेळी कोण खाली बसेल? त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या, यात मला शंका नाही. त्या एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामासाठी होत्या. हातातल्या सिनेमाबद्दल त्यांतून जवळपास काहीच कळत नाही.

समीक्षा मात्र टोकाच्या आल्या. काहींनी सिनेमा पूर्ण फसल्याचं लिहिलं, काहींनी इतकं निर्भय काम वर्षानुवर्षांत पाहिलं नसल्याचं. चाहत्यांनी आपापल्या बाजूची परीक्षणं उचलून एकमेकांवर फेकली. मी त्या काळात दोन्ही टोकांची परीक्षणं शेजारी ठेवून वाचत होतो, आणि त्यांतली वर्णनं एकमेकांशी जुळत होती. नाटकी, उच्चारवातले संवाद. रोमन आणि शेक्सपिअरी उद्धरणांचा भरणा, इतका की नायक हॅम्लेटचं स्वगत म्हणतो. काळ थांबवू शकणारा नायक, पण त्या शक्तीचा कथेत फारसा उपयोग नाही. एका प्रसंगातून दुसऱ्यात उडी, मधला पूल गायब. प्रत्येक चौकटीत खच्चून भरलेली सजावट. फसलाय म्हणणाराही हेच सांगत होता, महान म्हणणाराही हेच.

पहिल्या प्रतिक्रियांतून चाहत्याला सर्वांत जास्त काही मिळत असेल तर ते इथे. निकाल बाजूला ठेवून जिथे विरोधी मतं वर्णनावर जुळतात ते वाचलं, तर आपल्याला हा सिनेमा रुचेल का याचा बराच अचूक अंदाज बांधता येतो. ज्याला नाटकाच्या रंगमंचासारखा उघडउघड कृत्रिम सिनेमा आवडतो त्याला मे महिन्यातच कळायला हवं होतं की आपण जायचं. ज्याला गोष्ट सलग हवी त्यालाही तेव्हाच कळायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण वाद निकालाभोवतीच फिरत राहिला.

‘तेव्हाही हसले होते’

कोपोलाच्या समर्थकांचं सर्वांत आवडतं अस्त्र होतं त्याचाच १९७९ चा सिनेमा ‘अपोकॅलिप्स नाऊ’. चित्रीकरणाचे हाल, वादळ, नायकाला आलेला हृदयविकाराचा झटका, वाढत गेलेला खर्च, वर्तमानपत्रांतली टिंगल, आणि शेवटी अजरामर कलाकृती. मग आताही थांबा, काळ न्याय करेल.

हा युक्तिवाद मला भावतो, आणि म्हणूनच तो तपासावासा वाटतो. मे १९७९ मध्ये ‘अपोकॅलिप्स नाऊ’ कानला अपूर्ण अवस्थेत दाखवला गेला, आणि ‘द टिन ड्रम’सोबत विभागून सर्वोच्च पारितोषिक घेऊन परतला. त्याच ऑगस्टमध्ये तो लागला. काही मोठ्या समीक्षकांनी नाराजी लिहिली हे खरं, पण अमेरिकेत त्याने सुमारे आठ कोटी डॉलर कमावले, ऑस्करची आठ नामांकनं मिळवली आणि छायाचित्रण व ध्वनी अशी दोन पारितोषिकं घेतली. तुच्छतेतून काळाने वर काढलेला सिनेमा हा नव्हे. टिंगल झाली ती निर्मितीच्या काळातल्या बातम्यांत. सिनेमा पाहिलेल्यांनी तो बऱ्याच अंशी तेव्हाच उचलून धरला होता.

आणि तीनच वर्षांनी, १९८२ मध्ये आलेला कोपोलाचाच ‘वन फ्रॉम द हार्ट’? त्याच्याही आधी शंका छापून आल्या होत्या. खर्च सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई साडेसहा लाखांच्या आत. त्यातून झालेलं कर्ज फेडण्यात कोपोलाचं जवळजवळ अख्खं दशक गेलं. ‘मेगालोपोलिस’च्या वादात समर्थकांनी पहिलं उदाहरण शंभरदा दिलं आणि दुसरं विसरले. विरोधकांनी दुसरं दिलं असतं तर वाद निदान पुराव्यावर आला असता. तेही फारसं कोणी केलं नाही.

ट्रेलरने केलेला घात

जूनमध्ये लायन्सगेट या कंपनीने अमेरिका आणि कॅनडाच्या वितरणाचे हक्क घेतले. २१ ऑगस्टला नवा ट्रेलर आला आणि त्यात चाहत्यांचा हाच युक्तिवाद जाहिरात बनून अवतरला. कोपोलाच्या जुन्या सिनेमांना झोडपणारी नामवंत समीक्षकांची वाक्यं पडद्यावर एकामागून एक उमटत होती. सांगायचं होतं ते असं, की हे तेव्हा चुकले होते, आता कोणावर विश्वास ठेवाल?

‘व्हल्चर’ या संकेतस्थळाचा समीक्षक बिल्गे एबिरी याने मूळ परीक्षणं काढून पाहिली. ती वाक्यं तिथे नव्हतीच. ‘गॉडफादर’बद्दल तिरकस वाक्य समीक्षक पॉलिन केलच्या नावावर घातलं होतं, तिने प्रत्यक्षात त्या सिनेमाची मनापासून स्तुती केली होती. दुसरा समीक्षक रॉजर ईबर्ट याच्या नावावर कोपोलाच्या ‘ड्रॅक्युला’साठी दिलेला शेरा त्याने १९८९ च्या ‘बॅटमॅन’बद्दल लिहिलेल्या मजकुराशी मिळताजुळता होता. दोघंही हयात नाहीत. हयात असलेल्या समीक्षक ओवेन ग्लायबरमनने आपण असं कधी लिहिलंच नसल्याचं सांगितलं. त्याच दिवशी लायन्सगेटने ट्रेलर मागे घेतला आणि समीक्षकांची, कोपोलाची व त्याच्या कंपनीची जाहीर माफी मागितली.

या प्रकरणाचं मर्म मला इथे दिसतं. कोपोलावर नाराज असलेली खरी परीक्षणं अस्तित्वात आहेत. शोधली असती तर मिळाली असती. पण ‘गॉडफादर’सारख्या सिनेमालाही समीक्षकांनी धुडकावलं होतं ही दंतकथा सिद्ध करायला खरी वाक्यं पुरेनात. तो सिनेमा १९७२ मधला सर्वाधिक कमाई करणारा होता आणि त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्करही मिळालं होतं. जी गोष्ट घडलीच नव्हती तिचा पुरावा बनवावाच लागणार होता. चाहत्यांनी जवळजवळ पाच महिने तीच गोष्ट एकमेकांना सांगितली होती, प्रेमापोटी. जाहिरातीने ती छापील केली आणि उघडी पाडली. त्यानंतर सिनेमाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाला आधी ट्रेलरचा बचाव करावा लागला, आणि सिनेमात काय आहे यावरची उरलीसुरली चर्चाही बंद पडली. याचं मला आजही वाईट वाटतं.

२७ सप्टेंबर आणि नंतर

सिनेमा लागला. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४० लाख डॉलर, आणि सिनेमास्कोरकडून ‘डी प्लस’ ही खूप खालची श्रेणी. ही संस्था पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून थिएटराबाहेर पडतानाच श्रेणी भरून घेते. ही श्रेणी मुख्यतः एक गोष्ट मोजते: आपण जे पाहायला आलो होतो ते मिळालं का. भव्य विज्ञानकथा म्हणून जाहिरात झालेल्या सिनेमात रोमन राजकारण आणि स्वगतं निघाली, तर ती श्रेणी घसरणारच. विरोधकांनी ती शेवटचा निकाल म्हणून मिरवली, समर्थकांनी ‘सामान्य प्रेक्षकाला कळलं नाही’ म्हणून झटकली. दुसरं म्हणणं मला जास्त खटकलं. पहिल्याच दिवशी पदरचे पैसे देऊन आलेला माणूस हा या सिनेमाचा सर्वांत उत्सुक प्रेक्षक होता. त्याची निराशा त्याच्या अज्ञानावर ढकलणं अन्यायाचं आहे.

जगभरातली एकूण कमाई सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरवर थांबली. खरेदीदारांचा प्रश्न तिथे निकाली निघाला.

गुणवत्तेचा प्रश्न उघडाच आहे, आणि त्यासाठी ‘वन फ्रॉम द हार्ट’कडे पुन्हा पाहता येतं. त्याची नव्याने संकलित केलेली आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये, म्हणजे सिटीवॉकच्या खेळाच्या दोनच महिने आधी, थिएटरांत आली होती. चार दशकांत त्या सिनेमाबद्दलचा आदर वाढला. बुडालेला पैसा बुडालेलाच राहिला. १९८२ चे वितरक आणि आजचे रसिक दोघंही बरोबर आहेत, कारण दोघांनी वेगळं काही विचारलं.

२०२५ मध्ये कोपोला स्वतः ‘मेगालोपोलिस’ घेऊन अमेरिकेतल्या काही शहरांत फिरला. खेळ, आणि त्यानंतर प्रेक्षकांशी जाहीर चर्चा. तिथे आलेल्या माणसाला हा सिनेमा काय आहे हे आधीच माहीत होतं, आणि तरी तो तिकीट काढून आला होता. त्या खेळांनंतर सिनेमास्कोरने श्रेणी घेतली असती तर ती बहुधा वेगळी आली असती. ती सप्टेंबर २०२४ च्या श्रेणीशेजारी ठेवली असती तर सिनेमाचा किती वाटा आणि अपेक्षेचा किती, हे थोडं तरी वेगळं काढता आलं असतं.